मुंबई बेटाचा हिंवताप : हवा, कीं पाणी ?

मुंबई बेटाच्या पूर्वेतिहासाविषयीं जें लिहिलें गेलें आहे, त्यांत एक विधान निरनिराळ्या रूपांनीं वारंवार भेटतें. तें हें कीं, सतराव्या शतकांत या बेटाची हवा अत्यंत घातक होती, व पुढें ती सुधारली. हवा घातक होती म्हणजे नेमकें काय होतें, ती कोणास घातक होती, ती कशानें सुधारली, आणि सुधारली असतां विसाव्या शतकाच्या आरंभीं तोच ताप शहराच्या भरवस्तींत पुन्हां कां उसळला, या प्रश्नांचा एकत्र विचार मराठींत फारसा झालेला आमच्या पाहण्यांत नाहीं. प्रस्तुत लेखांत तो यथामति करण्याचें योजिलें आहे.

बार्शीसारख्या, समुद्रापासून दूर व पाण्याची सदैव ओढ असलेल्या गांवीं बसून मुंबईच्या तापाची चर्चा करणें कांहीं वाचकांस चमत्कारिक वाटेल. म्हणून तिचें निमित्त सांगतों. आमचा एक जुना विद्यार्थी मुंबईस इमारतींच्या बांधकामावर मजुरीस गेला होता. पावसाळ्याच्या अखेरीस तो ताप घेऊन परत आला. एक दिवस हुडहुडी भरून ताप चढावा व घाम येऊन उतरावा, दुसरा दिवस बरा जावा, आणि तिसऱ्या दिवशीं त्याच सुमारास पुन्हां हुडहुडी भरावी, असा क्रम होता. आम्ही समाचारास गेलों तेव्हां त्याची आजी म्हणाली, "गुरुजी, पोराला म्हमईचं पानी बाधलं बगा." पुढें रक्त तपासून हिंवताप ठरला, औषध मिळालें व मुलगा बरा झाला. परंतु त्या वृद्ध बाईचे शब्द आमच्या मनांत राहिले. जुने परदेशी ग्रंथकार एकजात हवेस दोष देतात. ही बाई पाण्यास दोष देत होती. दोघांपैकीं सत्याच्या अधिक जवळ कोण, हें पाहूं लागलों, त्यांतून हा लेख झाला.

१. रोगाचीं नांवें

प्रथम शब्दांचा निकाल लावूं. आयुर्वेदाच्या संहितांत विषमज्वराचे संतत, सतत, अन्येद्युष्क, तृतीयक व चतुर्थक असे पांच प्रकार सांगितले आहेत. पैकीं अन्येद्युष्क हा रोज एकदां येणारा, तृतीयक एक दिवस सोडून येणारा, व चतुर्थक दोन दिवस सोडून येणारा. ज्वर आला तो दिवसहि गणनेंत धरावयाचा, म्हणून एक दिवस सोडून आलेला ज्वर तिसऱ्या दिवसाचा ठरतो. प्राचीन रोमन लोकांची गणनाहि अशीच होती, व युरोपांतील या तापांचीं जुनीं नांवें तिसऱ्या व चौथ्या दिवसावरूनच पडलीं आहेत. मराठींत मात्र या तृतीयकासच एकांतरा म्हणतात, कारण येथें मधला मोकळा दिवस लक्षांत घेतला आहे. जुन्या खासगी पत्रांत एकांतरा व वैद्यकाच्या पोथींत तृतीयक असा शब्द आढळल्यास ते दोन भिन्न रोग समजूं नयेत.

आधुनिक शास्त्रानें या गणनेचें कारण दाखवून दिलें आहे. फ्रेंच लष्करी वैद्य लाव्हेरां यानें १८८० सालीं अल्जीरियांत रोग्याच्या रक्तांत या तापाचा सूक्ष्म जंतु प्रथम पाहिला. हा जंतु रक्तांतील तांबड्या पेशींत वाढतो, व त्या फोडून जेव्हां बाहेर पडतो तेव्हां हुडहुडी भरते. व्हायव्हॅक्स जातीस या फेऱ्यास सुमारें अठ्ठेचाळीस तास लागतात, म्हणून तृतीयक. मलेरी जातीस बहात्तर तास, म्हणून चतुर्थक. फाल्सिपेरम ही तिसरी जाति सर्वांत घातक. तिचा ताप पुष्कळदां नियमानें चालत नाहीं, व 'विषम' हें विशेषण तिला विशेष शोभतें.

येथें एक सावधगिरीची सूचना करणें आम्ही कर्तव्य समजतों. सुश्रुतानें मशकांचे सामुद्र, परिमंडल, हस्तिमशक, कृष्ण व पार्वतीय असे पांच प्रकार दिले आहेत, व पार्वतीयाचा दंश प्राणहारक कीटकांच्या दंशासारखा म्हटला आहे. या उताऱ्याच्या आधारें, डांसांपासून हिंवताप होतो हें आमच्या पूर्वजांस ठाऊक होतें, असें प्रतिपादन शंभर वर्षांहून अधिक काळ होत आलें आहे. आम्ही आयुष्यभर संस्कृत शिकविलें. पूर्वजांचा गौरव आम्हांस अप्रिय नाहीं. पण तो उतारा कल्पस्थानांत, म्हणजे विषांच्या प्रकरणांत आहे. ज्वराच्या प्रकरणांत नाहीं. विषमज्वराचें कारण म्हणून मशकाचा निर्देश तेथें केलेला नाहीं. मूळांत नसलेला अर्थ मूळावर लादल्यानें पूर्वजांची थोरवी वाढत नाहीं, आमच्या वाचनाची विश्वसनीयता मात्र घटते. त्यांची खरी थोरवी निरीक्षणांत आहे. ज्वराचा दोष शरीरांत जमिनींतील बीजाप्रमाणें दबून राहतो व आपला काळ येतांच पुन्हां उगवतो, हा चरकाचा दृष्टांत, बरा झालेला हिंवताप महिन्यांनीं उलटतो त्या प्रकारास किती यथार्थ लागू पडतो ! कारण न कळतांहि लक्षण इतकें अचूक टिपणें, हें थोडें नव्हे.

२. अंजदीव

१६६१ च्या विवाहकरारान्वयें पोर्तुगालच्या राजानें मुंबई बेट इंग्लंडच्या दुसऱ्या चार्ल्सास आंदण दिलें, ही गोष्ट सर्वविश्रुत आहे. त्या आंदणाची किंमत प्रथम कोणीं मोजली, हें मात्र तितकेंसें सांगितलें जात नाहीं. ताबा घेण्यासाठीं सर अब्राहम शिपमन याच्या हाताखालीं शेंकडों सैनिक १६६२ सालीं या किनाऱ्यास आले. करार व अधिकारपत्रें यांच्या शब्दांवर बोट ठेवून पोर्तुगीज अधिकाऱ्यांनीं ताबा नाकारला. सुरतेस उतरावें, तर मोंगल सुभेदाराचा रोष होऊन व्यापार बुडेल ही तेथील वखारवाल्यांस भीति. अशा रीतीनें कोणासच नको झालेली ही पलटण कारवारजवळच्या अंजदीव नांवाच्या लहानशा बेटावर उतरली व तेथें अडकून पडली.

बेट किनाऱ्यावरून दिसण्याइतकें जवळ. पण निवारा अपुरा, अन्न निकृष्ट, आणि पावसाळ्यामागून पावसाळा तेथेंच काढावा लागला. माणसें एकामागून एक मेलीं. शिपमन स्वतः एप्रिल १६६४ मध्यें तेथेंच वारला. फेब्रुवारी १६६५ मध्यें त्याचा चिटणीस हंफ्रे कुक यानें मुंबईचा ताबा घेतला, तेव्हां मूळ पलटणीपैकीं शंभराच्या आसपासच माणसें उरलीं होतीं. हे सर्व बळी हिंवतापाचे होते असें म्हणणें धाडसाचें होईल. आंव व उपासमार यांचाहि त्यांत वांटा असलाच पाहिजे. पण मुंबईचा इंग्रजी इतिहास एका तापकरी बेटाच्या दफनभूमींतून सुरू होतो, हें विसरतां येत नाहीं.

३. नवागत आणि मूळचे

त्या काळची मुंबई म्हणजे कुलाबा, धाकटा कुलाबा, मुंबई, माझगांव, परळ, वरळी व माहीम या सात बेटांचा पुंजका. भरतीचें पाणी मधल्या सखल भागांत शिरे, ओहोटीस अर्धे मागें राही, व पावसाळ्यांत त्यावर गोडें पाणी सांचे. १६६८ सालीं वार्षिक दहा पौंड नाममात्र भाड्यानें राजानें हें बेट ईस्ट इंडिया कंपनीस दिलें. त्यानंतर थोड्याच वर्षांनीं आलेला वैद्य जॉन फ्रायर व १६९० च्या सुमारास आलेला पाद्री ओव्हिंग्टन या दोघांनींहि तेथील मृत्यूंचीं भयंकर वर्णनें केलीं आहेत. नव्यानें आलेला माणूस दोन पावसाळ्यांपलीकडे टिकत नाहीं, अशा अर्थाची म्हणच त्या वेळीं रूढ होती. कारण म्हणून बुडीत जमिनी, कुजट वारे, व नारळींच्या मुळांशीं खत म्हणून घातलेली मासळी यांचा निर्देश होई. मलेरिया हा शब्द इटालियन भाषेंतील 'वाईट हवा' या अर्थाच्या दोन शब्दांपासून झालेला आहे. तेव्हां हा समज एकट्या मुंबईकर इंग्रजांचा नसून सर्व युरोपाचा होता.

परंतु या साधनांचा उपयोग करतांना एक प्रश्न विचारलाच पाहिजे. ही हवा इतकी मारक, तर तेथें शतकानुशतकें नांदलेले कोळी, भंडारी, आगरी कसे जगले ? उत्तर असें कीं, ज्या प्रदेशांत हा ताप कायमचा असतो तेथें जन्मलेल्या मुलास तो वर्षानुवर्षें पुनःपुन्हां येतो. जें मूल त्यांतून वांचतें त्याच्या अंगीं हळूहळू कांहीं अंशीं प्रतिकारशक्ति येते, व प्रौढपणीं तो ताप त्यास आडवें पाडीत असला तरी सहसा मारीत नाहीं. नवागतास ही ढाल नसते. म्हणून मेलेले गोरे सैनिक व कारकून वहींत नोंदले गेले. आणि त्या ढालीची किंमत म्हणून कोळीवाड्यांतील जीं बालकें गेलीं, तीं कोणत्याहि वहींत नाहींत. 'मूळच्या लोकांस येथील हवा मानवते' हें वाक्य जुन्या ग्रंथांत वाचतांना त्यामागें न लिहिलेल्या बालमृत्यूंची ही यादी आहे, हें इतिहासलेखकानें मनांत आणिलें पाहिजे. साधनें मुकीं असतात तेथें दुःख नव्हतें असें ठरत नाहीं.

पुढें विल्यम हॉर्नबी याच्या कारकीर्दींत (१७७१ ते १७८४) वरळीकडील मोठें खिंडार बांधानें बंद करण्याचें काम हातीं घेण्यांत आलें. १८३८ सालीं कुलाब्याचा व १८४५ सालीं माहीमचा रस्ता झाला, व सात बेटांचें एक बेट झालें. भरण्या पडल्या, सखल जमिनी उंचावल्या. दलदल गेली कीं ताप गेला, असा सर्वांचा दृढ समज होता, आणि तो अगदींच निराधार नव्हता. पण तो पुरा नव्हता, हें पुढच्या प्रकरणावरून कळेल.

४. विहिरींचा वाद

२० ऑगस्ट १८९७ रोजीं सिकंदराबाद येथें रोनाल्ड रॉस यानें हिंवतापाच्या रोग्यास चावलेल्या डांसाच्या जठरांत त्या जंतूची वाढ पाहिली. पुढील वर्षीं कलकत्त्यास पक्ष्यांच्या हिंवतापावर प्रयोग करून त्यानें जंतूचा सबंध फेरा सिद्ध केला, व त्याच वर्षीं इटलींत ग्रासी व त्याचे सहकारी यांनीं मनुष्याचा हिंवताप अ‍ॅनॉफिलीस जातीच्या डांसांच्या मादीमुळें पसरतो हें दाखविलें. हवेचा सिद्धांत तेथें संपला. परंतु अ‍ॅनॉफिलीसाचे प्रकार शेंकडों; त्यांतील कोणता कोठें वाढतो हें ठरविल्याखेरीज उपाय सांपडत नाहीं.

विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकांत मुंबईच्या कोट भागांत व नव्या गोदीच्या खोदकामाच्या आसपास हिंवताप फार वाढला. तपासाचें काम डॉ. चार्ल्स बेंटले यांजकडे आलें, व त्यांचा अहवाल १९११ सालीं प्रसिद्ध झाला. त्याचा निष्कर्ष जुन्या समजुतीस धक्का देणारा होता. अपराधी दलदल नव्हे, घाणेरडें गटारहि नव्हे. अपराधी घराघरांतील स्वच्छ विहीर! लिस्टन यानें १९०१ सालीं वर्णन केलेला स्टिफेन्सी नांवाचा अ‍ॅनॉफिलीस विहिरी, हौद, टांकीं व कारंजीं यांतील निवळ पाण्यांत अंडीं घालतो. जें पाणी लोक देवास वाहात व तीर्थ म्हणून घेत, तेंच त्याचें सूतिकागृह होतें.

यांतील ऐतिहासिक विपर्यास पाहण्यासारखा आहे. विहार तलावाचें पाणी १८६० मध्यें, तुळशीचें १८७९ मध्यें व तानशाचें १८९२ मध्यें मुंबईस आलें. नळ घरोघरीं गेले, पण जुन्या विहिरी बुजल्या नाहींत. उपसा कमी झाला आणि पाणी निवांत झालें. डांसांस याहून सोयीचें काय असावें ?

नगरपालिकेनें विहिरी बुजविण्याच्या वा झांकण्याच्या नोटिसा काढतांच मोठा वाद उठला. पारशी लोकांच्या अग्यारींतील विधींस विहिरीचेंच पाणी लागतें. हिंदूंच्या घरीं विहीर ही पूजेची व सोंवळ्याची वस्तु. अहिंसाव्रतीयांस जलांतील जीव मारणें असह्य. या विरोधास केवळ अडाणीपणा म्हणून हिणविण्याची चाल आहे. ती आम्हांस मान्य नाहीं. नळ केव्हां बंद पडेल याचा भरंवसा नाहीं, विहीर मात्र आजोबांच्या वेळेपासून आटली नाहीं, हा अनुभव खोटा नव्हता. ज्या पाण्यावर चार पिढ्या जगल्या तें पाणीच मारक आहे, असें एका परक्या अंमलदारानें सांगितल्यास कोण एकदम विश्वास ठेवील ? नगरपालिकेचे चिटणीस रुस्तम पेस्तनजी मसानी यांनीं तर विहिरींसंबंधींच्या श्रद्धा गोळा करून १९१८ सालीं जलपूजेवर एक स्वतंत्र इंग्रजी ग्रंथच प्रसिद्ध केला. लोकांची समजूत घालावयाची तर ती आधीं समजून घेतली पाहिजे, हें त्यांस कळलें होतें असें दिसतें.

अखेर मार्ग निघाला तो मधला. पुष्कळ विहिरी बुजविल्या गेल्या. ज्या ठेवणें अवश्य होतें त्यांवर घट्ट झांकण घालून पाणी काढण्यापुरतें बारीक जाळीचें दार ठेवावें, असें ठरलें. डांस आंत जाऊं नये व विधि बंद पडूं नये, असें हें उभयपक्षीं साधणारें दार होतें. चर्चगेटजवळची १७२५ सालची भिखा बेहराम विहीर आजहि भाविकांची आहे. परंतु एका झांकणानें प्रश्न मिटला नाहीं. १९२८ सालीं गॉर्डन कॉव्हेल यांस मुंबईच्या हिंवतापावर पुन्हां अहवाल लिहावा लागला. पुढें विहिरीची जागा गच्चीवरील टांक्यांनीं व बांधकामाच्या हौदांनीं घेतली, डांस तोच राहिला, व २०१० सालच्या सांथींत शंभरांहून अधिक माणसें मुंबईंत मेलीं.

५. दुसरें बेट, दुसरा डांस

मुंबईचा हा न्याय सर्व बेटांस लावूं नये, म्हणून अंदमानाचें उदाहरण देतों. तेथें १७८९ सालीं आर्चिबाल्ड ब्लेअर यानें घातलेली पहिली वसाहत, जागा बदलूनहि, रोगराईमुळें १७९६ सालीं उठवावी लागली. १८५७ च्या उठावानंतर, १८५८ सालीं, बंदिवानांची वसाहत पुनश्च त्याच बेटावर झाली, आणि ताप पुन्हां सुरू झाला. विनायक दामोदर सावरकर १९११ सालीं तेथें नेले गेले, त्याच सुमारास एस. आर. ख्रिस्तोफर्स यांनीं केलेली तेथील हिंवतापाची पाहणी १९१२ सालीं प्रसिद्ध झाली. तेथला डांस विहिरींतला नव्हता. तो समुद्रकांठच्या मचूळ दलदलींत वाढणारा होता, व दलदलीजवळच्या बराकींवर त्याची धाड विशेष होती. मुंबईंत दलदल भरून जें साधलें नाहीं तें अंदमानांत दलदल भरूनच साधावयाचें होतें. 'बेटाची हवा वाईट' या एकाच वाक्याखालीं दोन अगदीं भिन्न कारणें दडलीं होतीं, हें यावरून स्पष्ट होईल.

उलट मुंबईचा डांस आतां दुसऱ्या बेटांवर जाऊं लागला आहे. सप्टेंबर २०१६ मध्यें श्रीलंका हिंवतापमुक्त झाल्याचें जागतिक आरोग्य संघटनेनें जाहीर केलें. आणि त्याच वर्षाच्या अखेरीस त्या देशांतील मन्नार बेटावरच्या विहिरींत हाच स्टिफेन्सी प्रथम सांपडला. बेंटले यांचा अहवाल जुना झाला आहे, निरुपयोगी झालेला नाहीं.

६. बार्शीची गोष्ट

आतां आमच्या गांवाकडे वळूं. दुसऱ्या महायुद्धानंतर डीडीटी हें औषध आलें. डॉ. डी. के. विश्वनाथन यांनीं त्या वेळच्या मुंबई इलाख्यांत, कारवार व धारवाड जिल्ह्यांत, घरांच्या भिंतींवर तें फवारून हिंवताप हटवितां येतो हें दाखविलें. १९५३ सालीं राष्ट्रीय नियंत्रणाचा कार्यक्रम निघाला, व १९५८ सालीं त्याचें निर्मूलनाच्या कार्यक्रमांत रूपांतर झालें. देशांत वर्षास सुमारें साडेसात कोटि रोगी व आठ लक्ष मृत्यु असा पूर्वींचा अंदाज होता. १९६५ सालीं रोग्यांची संख्या सुमारें एक लक्षावर आली.

आम्ही तेव्हां लहान होतों. पाठीवर पंप घेतलेलीं माणसें येत, घरांतील भांडीं बाहेर निघत, आणि भिंतींवर पांढरट थर बसे. ताप विचारावयास येणारा कर्मचारी बोटांतून रक्ताचा थेंब घेई, व दाराशेजारीं भिंतीवर तारीख टाकून जाई. आमच्या मातोश्रींस तो पांढरा वास सहन होत नसे. कर्मचारी गल्ली ओलांडून जातांच त्या शेणमातीचा हात फिरवून भिंत पूर्ववत् करीत. आम्हां मुलांस त्यांत मौज वाटे. तो थरच भिंतीवर बसणाऱ्या डांसास मारतो, हें आम्हांस फार उशिरा कळलें. आणि मातोश्रींस तें कोणीं कधींच सांगितलें नव्हतें. मुंबईच्या विहिरीवाल्यांचा वाद वाचतांना आम्हांस ती शेणानें सारवलेली भिंत आठवते. डांस डीडीटीस दाद देईनासा झाला, यंत्रणा सैल पडली, पैसा आटला, अशीं अनेक कारणें जुळून १९७६ सालीं देशांत चौसष्ट लक्ष रोगी झाले. त्या अपयशांत समजावून न सांगितलेल्या भिंतींचाहि थोडा वांटा असेल.

७. निष्कर्ष

वरील विवेचनावरून तीन गोष्टी निष्पन्न होतात. पहिली, जुन्या साधनांतील 'वाईट हवा' हें कारण नसून निरीक्षण आहे. त्यामागचें पाणी प्रत्येक ठिकाणीं निराळें शोधिलें पाहिजे. दुसरी, साधनांत नवागतांचे मृत्यु दिसतात, मूळच्यांच्या बालकांचे दिसत नाहींत. म्हणून अशा प्रदेशाच्या इतिहासांत मौनासहि पुरावा मानून त्याचा अर्थ लाविला पाहिजे. तिसरी, हा ताप भूमीचा स्वभाव नव्हे. तो बहुधा मनुष्यानें सांठविलेल्या व विसरलेल्या पाण्यांतून येतो, आणि ज्यानें सांठविलें त्यास तो थांबवितांहि येतो. उन्हाळ्यांत अंड्यापासून डांस होण्यास आठ-दहा दिवस लागतात. आठवड्यांतून एकदां भांडें वा हौद कोरडा केला तर तो फेरा तुटतो.

त्या आजीबाईंकडे आम्ही पुन्हां गेलों, व त्यांचें म्हणणें निम्मे खरें असल्याचें त्यांस सांगितलें : बाधलें तें पाणीच, पण प्यालेलें नव्हे, सांठलेलें. त्यांनीं क्षणभर विचार केला, आणि अंगणांतील उघड्या रांजणावर परात नेऊन झांकली. शाळेंत आम्हीं पुष्कळ वर्षें शिकविलें; इतक्या लवकर समजलेला धडा क्वचित् पाहिला.

शेवटीं वाचकांस एक विनंति. आपापल्या घरच्या दप्तरांत, जमाखर्चांत वा पत्रांत हींव, शीतज्वर, एकांतरा, चौथ्या दिवसाचा ताप असे उल्लेख आढळल्यास, त्यांचा महिना, गांव व रोग्याचें वय यांसह ते टिपून ठेवावे व मंडळाकडे पाठवावे. पांच-दहा गांवांचे असे उल्लेख एकत्र झाले, तरी आज मुका असलेला एक अध्याय बोलूं लागेल.